सागरतीर-पुरास्थळ सहल, खानदेशातील

समुद्रकाठचा मुक्काम आणि प्राचीन वास्तू किंवा अवशेषांचे दर्शन एकाच प्रवासात साधणारी सहल. तुर्कस्तानात कुशादासीच्या किनाऱ्यावर उतरून एफिससचे अवशेष पाहणे, किंवा तमिळनाडूत मामल्लपुरमची पुळण आणि पल्लवकालीन मंदिरे एका दिवसात उरकणे, ही तिची परिचित रूपे. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांच्या खानदेशाला समुद्रकिनारा नाही. त्यामुळे येथे या सहलीला प्रवासाचा मोठा पल्ला जोडलेला असतो आणि तिचे रूढ रूप म्हणजे सौराष्ट्राची फेरी : सोमनाथ, द्वारका व दीव. बोलताना ‘द्वारका-सोमनाथला गेले’ एवढेच म्हणतात. दीव त्यात धरलेलाच असतो.

या प्रथेच्या उगमाविषयी दोन मते मांडता येतात. पहिले मत तिला तापी खोऱ्यातील प्राचीन व्यापारी मार्गाशी जोडते. इ. स. पहिल्या शतकातील मानल्या जाणाऱ्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात बारिगाझा म्हणजे भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे बहुधा तेर, असल्याचे सांगून तेथील माल गाड्यांतून बंदराकडे येत असे, असे म्हटले आहे. ही वाट नेमकी कोठून जात होती, यावर एकमत नाही. काहींच्या मते ती पितळखोऱ्याजवळच्या घाटाने गिरणा खोऱ्यात उतरून तापीकाठाने पश्चिमेस वळत असावी. इतर अभ्यासक ती नाशिककडून नेतात. पितळखोरे लेण्यांतील (आरंभ इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या सुमारास) एका लेखात पैठणच्या गंध-व्यापाऱ्याचे दान नोंदले आहे. त्यावरून पैठणच्या व्यापाऱ्यांचा या घाटाशी संबंध होता, एवढे निश्चित म्हणता येते. तापी-गोमाई संगमावरील प्रकाशे (ता. शहादा) येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी १९५५ मध्ये उत्खनन केले. तेथे ताम्रपाषाणयुगीन माळवा व जोर्वे पद्धतीच्या मृद्भांड्यांपासून आरंभीच्या ऐतिहासिक काळापर्यंतचे व त्यानंतरचेही थर मिळाले. तापीकाठी वेगवेगळ्या काळांत वस्ती होती हे यातून दिसते. मात्र तीच वाट पुढे यात्रेकरूंनी चालवली, याला पुरावा लागेल आणि तो सलग मिळत नाही.

दुसरे मत रेल्वेला महत्त्व देते आणि ते अधिक सयुक्तिक वाटते. ताप्ती व्हॅली रेल्वेचा सुरत ते अमळनेर हा मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. बार्डोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा या क्रमाने तो खानदेशात शिरतो. कापसाच्या वाहतुकीला त्याचा मोठा उपयोग झाला आणि त्याच गाड्यांनी सुरत, तेथून पुढे सौराष्ट्र गाठणे सोपे झाले. (नवापूर स्थानक महाराष्ट्र-गुजरात सीमेवर असून फलाटाचा एक भाग एका राज्यात, दुसरा दुसऱ्यात आहे. सहलीतील मुलांना हेच ‘पुरास्थळ’ सर्वांत जास्त आवडते.)

यात्रेचा धागा मात्र रेल्वेहून जुना आहे. महानुभाव पंथाच्या पंचकृष्णांपैकी, म्हणजे पंथ मानतो त्या पाच अवतारांपैकी, चक्रपाणी म्हणजे चांगदेव राऊळ यांचे वास्तव्य द्वारावतीस (द्वारकेस) होते. ते नगरीचे रस्ते झाडून केर सुपात भरत आणि गोमतीत टाकत, असे पंथाच्या परंपरेत सांगितले जाते. खानदेशात या पंथाचे अनुयायी असल्याने द्वारकेचा संबंध येथे केवळ चार धामांपुरता नाही.

द्वारका ‘प्राचीन’ म्हणजे किती प्राचीन, हा प्रश्न सहलीतील बसमध्येही निघतो. डेक्कन कॉलेजतर्फे ह. धी. सांकलिया यांनी १९६३ मध्ये तेथे उत्खनन केले; त्यांच्या मते मंदिर परिसरातील वस्ती इसवी सनाच्या आरंभाच्या आसपासची होती, त्याहून फार मागे जाणारी नव्हती. शि. र. राव यांच्या नेतृत्वाखाली १९८० च्या दशकात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने समुद्रतळाचे सर्वेक्षण केले. दगडी बांधकामे व तीन छिद्रांचे दगडी नांगर आढळले आणि राव यांनी बुडालेल्या नगरीचा काळ इ. स. पू. पंधराव्या शतकाच्या आसपास मानला. बेट द्वारकेत मिळालेली तीन तोंडांच्या प्राण्याची शंखाची मुद्रा या कालनिर्णयाला आधार म्हणून पुढे केली जाते. मात्र ती बेटावरची आहे, द्वारकेच्या किनाऱ्यालगतची नाही. दोन स्थळे एक मानल्याने बराच गोंधळ झाला आहे. याच संस्थेतील नंतरच्या अभ्यासकांनी द्वारकेजवळची बांधकामे ऐतिहासिक किंवा मध्ययुगीन बंदराशी निगडित असावीत, असे सुचवले. हे मत सहज बाजूला सारता येत नाही. दगडी नांगराचा आकार शतकानुशतके फारसा बदलत नसल्याने केवळ त्यावरून काळ ठरवणे धोक्याचे असते. कोडिनारजवळच्या मूळ द्वारकेची परंपरा हा वेगळा विषय आहे.

सोमनाथाच्या सध्याच्या मंदिरात ११ मे १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते प्राणप्रतिष्ठा झाली. म्हणजे यात्रेकरू पाहतो ती वास्तू आधुनिक असते आणि प्राचीनत्व जागेचे असते. दीवचा किल्ला पोर्तुगीज असून त्याचा आरंभ १५३५ पासून सांगतात. काटेकोर अर्थाने तो या नोंदीत बसत नाही. दीवमधील नागोआ पुळणीवर समुद्रस्नान होते. गुजरातेत दारूबंदी आहे, दीवमध्ये नाही. सहलीच्या आखणीवर याचा परिणाम होतो, पण छापील पत्रकात तो दिसत नाही.

सहली बहुधा दिवाळीच्या सुट्टीत किंवा कापूस विकून झाल्यावर निघतात. गावातील मंडळी एक बस ठरवतात, सोबत आचारी व किराणा असतो आणि पहिल्या दिवसासाठी दशम्या व शेंगदाण्याची चटणी घरूनच येते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने हा काळ टाळतात. कोकणाकडे, विशेषतः मालवणच्या सिंधुदुर्गाकडे (बांधकाम १६६४ पासून), वळणाऱ्या सहलीही निघतात. मुंबईला जाणारे घारापुरीची लेणी आणि जुहूची चौपाटी एकत्र करतात. तापी ज्या ठिकाणी अरबी समुद्रास मिळते, त्या सुरतेजवळच्या डुमसला मात्र बस थांबते ती सहसा परतीच्या वाटेवर, संध्याकाळच्या तासाभरासाठी.