थंडीत निघायच्या आधी दहा मिनिटं इंजिन गरम करायचं? काही गरज नाही

डिसेंबरात पहाटे पाचला सगळे गोव्याला निघालो की पार्किंगमधे एक काका हमखास सांगतात, "अरे, आधी दहा मिनिटं गाडी गरम होऊ दे!" त्यांच्या काळात ते बरोबरच होतं, कार्बोरेटरवाली (म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणारा साधा यांत्रिक भाग असलेली) मारुती ८००, चोकची दांडी ओढून पेट्रोलचं प्रमाण वाढवायचं, नाहीतर चौकात बंद पडायची. गार इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही आणि कार्बोरेटरला ते कळतच नाही. आता फ्युएल इंजेक्शन असतं, सेन्सर तापमान बघतो, कॉम्प्युटर आपणहून जास्त पेट्रोल सोडतो. आणि पुण्याची थंडी म्हणजे दहा डिग्री हो, लडाख नाही!

अर्धा मिनिट थांबा, ऑइल फिरू दे, बेल्ट लावा आणि निघा, फक्त कात्रजच्या बोगद्यापर्यंत जरा हळू, गाडी पिळायची नाही. उभ्या गाडीत इंजिन उलट सावकाश तापतं, गिअरबॉक्स तर गारच राहतो. बेसमेंटात पोरं मागे झोपलेली असताना तर अजिबात नको, धुरातला कार्बन मोनॉक्साइड विषारी असतो आणि त्याला वास नसतो.

ती दहा मिनिटं टायरला द्या. तापमान दहा डिग्री उतरलं की हवा साधारण एक-दोन पीएसआय कमी होते, आणि ती टायर गार असतानाच बघायची, खंबाटकी उतरल्यावर नाही.