अवरक्त दीर्घिका-गणना

आकाशाच्या ठरावीक तुकड्यात कोणत्या तेजाच्या किती दीर्घिका आहेत, याची अवरक्त प्रतिमांवरून केलेली मोजदाद. उत्तर ‘दर चौरस अंशाला, दर प्रतीला इतक्या’ अशा आकड्यात देतात. प्रत म्हणजे तेजाचे माप; आकडा जितका मोठा, तितकी वस्तू मंद. या कामात २.२ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपासचा के-पट्टा सर्वाधिक वापरला गेला. दीर्घिकेचे बहुतेक ताऱ्यांचे वस्तुमान दीर्घायुषी, लालसर ताऱ्यांत असते आणि या पट्ट्यात मुख्यतः त्यांचाच प्रकाश येतो. थोड्याशा नव्या निळ्या ताऱ्यांमुळे दृश्य प्रकाशात दीर्घिका जितकी उजळते तितकी येथे उजळत नाही, आणि धूळही कमी आड येते.

अवकाश सपाट, स्थिर आणि सर्वत्र सारखे भरलेले असते तर एक प्रत मंद जाताच संख्या सुमारे ४ पट झाली असती. के-पट्ट्यात १७ व्या प्रतीच्या आसपास ही वाढ मोडते, हे गार्डनर, काउई व वेन्सकोट यांनी १९९३ मध्ये दाखवले. त्यापुढे ती दर प्रतीला जेमतेम १.८ पट उरते.

विदर्भातून काय शक्य आहे : मेळघाटातले किंवा गडचिरोलीतले आकाश डोळ्यांना काळेकुट्ट दिसते, अवरक्तात ते काळे नसते. वरच्या वातावरणातला हायड्रॉक्सिल स्वतः चमकतो, बाष्प प्रकाश शोषते आणि ४५ अंश सेल्सिअस तापलेली जमीन ९ मायक्रॉनच्या आसपास सर्वाधिक प्रारण सोडते. म्हणूनच भारतातील अवरक्त निरीक्षणे माउंट अबू (१.२ मीटर दुर्बीण), लडाखमधील हान्ले (उंची सुमारे ४,५०० मीटर) आणि देवस्थळ (३.६ मीटर दुर्बीण) अशा ठिकाणांहून होतात. मोजणी मात्र तालुक्याच्या महाविद्यालयात साध्या लॅपटॉपवर करता येते, कारण मोठ्या सर्वेक्षणांच्या प्रतिमा सर्वांना खुल्या आहेत. सुरुवातीला ‘कॉसमॉस’ हे अनेक दुर्बिणींनी टिपलेले आकाशाचे क्षेत्र घ्यावे. ते मघा ताऱ्याच्या सुमारे १० अंश दक्षिणेला आहे. मार्चमध्ये रात्री दहाच्या सुमारास वाशीम-बुलढाण्याकडून ते दक्षिणेला सुमारे ७० अंश उंच असते. चिलीतील ४.१ मीटरच्या ‘व्हिस्टा’ दुर्बिणीने त्याच्या सखोल प्रतिमा घेतल्या आहेत. आख्खी प्रतिमा उतरवू नये, मोबाइलच्या नेटवर ती अर्ध्यात तुटते. १० कला × १० कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, विकला म्हणजे कलेचा साठावा) तुकडा ०.१५ विकलेच्या पिक्सेलने सुमारे ६४ मेगाबाइट होतो, तेवढा पुरतो. सोबत त्याच तुकड्याचा भार-नकाशाही, म्हणजे कोणता पिक्सेल किती भरवशाचा हे सांगणारी प्रतिमाही, घ्यावी.

पद्धत : आधी ठळक तारे व त्यांची प्रभा झाकावी, आणि झाकलेले क्षेत्रफळ एकूणातून वजा करावे. ही वजाबाकी विसरली की सगळे आकडे कमी येतात. मग ‘सोर्स एक्सट्रॅक्टर’सारख्या प्रणालीने वस्तू शोधाव्यात, सलग ५ पिक्सेल गोंगाटाच्या १.५ पट वर, ही सुरुवातीची मर्यादा. वेगा मापात (अभिजित ताऱ्याला शून्य प्रत धरणारे माप) ‘जे’ (१.२५ मायक्रॉनच्या आसपासचा पट्टा) वजा ‘के’ हा प्रतींतला फरक, म्हणजे रंग, सुमारे ०.९ पेक्षा कमी असेल तर वस्तू बहुधा तारा असते. खोट्या नोंदी ओळखण्यासाठी प्रतिमेची चिन्हे उलटी करून तोच शोध पुन्हा चालवावा. आता जे सापडेल ते निव्वळ गोंगाट. प्रतिमा जोडताना शेजारच्या पिक्सेलांचा गोंगाट एकमेकांत मिसळतो, त्यामुळे खोट्या नोंदी अपेक्षेपेक्षा जास्त निघतात.

खरे काम पूर्णतेचे, म्हणजे असलेल्या दीर्घिकांपैकी किती टक्के सापडतात हे ठरवण्याचे. प्रतिमेत ठरावीक प्रतीच्या काही कृत्रिम दीर्घिका विखरून टाकायच्या, त्याच मर्यादांनी शोध घ्यायचा आणि किती परत मिळाल्या ते पाहायचे. एका वेळी फार टाकल्या तर त्या एकमेकींवरच चढतात. म्हणून थोड्या टाकून अनेक फेऱ्या कराव्यात. कृत्रिम वस्तू बिंदूसारख्या ठेवणे ही नेहमीची चूक आहे. दीर्घिकेचा प्रकाश पसरतो, तिच्या कडा मर्यादेखाली बुडतात. बिंदू घेतले की पूर्णता फसवी चांगली दिसते. समजा, अर्ध्या प्रतीच्या गटात खोट्या नोंदी वगळून १५० दीर्घिका मिळाल्या आणि पूर्णता ७५ टक्के आहे : खरी संख्या २००. तुकडा १/३६ चौरस अंशाचा, म्हणून दर चौरस अंशाला, दर प्रतीला २०० × ३६ ÷ ०.५ = १४,४००. पूर्णता ५० टक्क्यांखाली गेलेला गट सोडून द्यावा; तिथे आकडा दुरुस्तीच ठरवते, निरीक्षण नव्हे.

मोजणीतली त्रुटी संख्येच्या वर्गमूळाइतकी धरतात : १५० चे वर्गमूळ सुमारे १२, म्हणजे त्रुटी ८ टक्के. ही फक्त किमान त्रुटी. दीर्घिका पुंजक्यांनी असतात. एकाच शेतातल्या पीक कापणी प्रयोगावरून तालुक्याचे उत्पन्न ठरवावे, तशी गफलत एका लहान तुकड्यावरून होते. दूरदूरचे निदान तीन-चार तुकडे हवेत.

दाटीचीही मर्यादा असते. स्पिट्झर (२००३–२०२०) अवकाश दुर्बिणीचा आरसा ८५ सेंटिमीटरचा, ३.६ मायक्रॉनला तिची प्रतिमा सुमारे १.७ विकला रुंद पसरत असे. कितीही वेळ टिपले तरी मंद दीर्घिका शेजारणीत मिसळत. ६.५ मीटर आरशाच्या जेम्स वेब दुर्बिणीत त्याच तरंगलांबीला हा पसारा सुमारे ०.१२ विकला आहे.

इतरांच्या आकड्यांशी तुलना करताना प्रतीची पद्धत आधी पाहावी. के-पट्ट्यात वेगा प्रतीत सुमारे १.८५ मिळवले की एबी प्रत (शून्याचा संदर्भ वेगळा असलेली दुसरी पद्धत) येते. हा फरक विसरल्यास मंद टोकाला संख्या जवळजवळ तिप्पट चुकते.