गाणं सुरू होण्याआधीची शांतता

घरी रेकॉर्ड केलेला ट्रॅक कोणी ‘आवाज कसा आलाय, सांग’ म्हणून पाठवला, की मी सुरुवातीला गाण्याकडे लक्षच देत नाही. गायकाने सूर लावण्याआधीचा एखादा सेकंद, दोन ओळींमधली श्वासाची जागा आणि शेवटचा स्वर विरतो ती वेळ, एवढंच हेडफोन लावून ऐकतो. खोली, माईक आणि रेकॉर्ड करणाऱ्याचा हात तिथे उघडे पडतात. स्वर चालू असताना ते त्याच्या आड लपतात. मोठा आवाज आपल्या आसपासच्या कंप्रतेचे बारीक आवाज झाकून टाकतो, याला मास्किंग म्हणतात. एमपीथ्रीसारखी फाइल लहान होते ती बरीचशी याच गुणामुळे: जे कानाला ऐकूच येणार नाही, त्यावर जागा कशाला खर्च करायची?

त्या शांततेत सलग, जाड ‘हूं’ ऐकू आला तर तो बहुधा विजेचा. विजेचा प्रवाह सेकंदाला ५० किंवा ६० वेळा हेलकावतो आणि सदोष केबल किंवा अर्थिंगमधून तो हेलकावा आवाजात शिरतो. पंख्याची घरघर वेगळी कळते. बारीक ‘स्स्स’ असेल तर रेकॉर्ड करताना पातळी फार कमी ठेवून नंतर ती वर ओढली असण्याची शक्यता मोठी. आवाज वाढला, सोबत खरखरही वाढली. आवाजाची प्रत्येक नोंद किती बारकाईने साठवायची, म्हणजे १६ बिट की २४ बिट, यावर लोक खूप चर्चा करतात. १६ बिटमध्ये सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मावतं. शांत म्हणवणाऱ्या खोलीतही साधारण ३० डेसिबलचा गोंगाट असतोच, त्यामुळे ऐकणाऱ्यापर्यंत पोचणारा ट्रॅक बहुतेक वेळा खोलीपाशी अडतो, बिटपाशी नाही.

पातळी फार जास्त ठेवली तर उलटा घोटाळा होतो. डिजिटल यंत्रणेत शून्य डेसिबल हे छप्पर आहे. त्यावर गेलेली लाट सपाट कापली जाते. तबल्याची थाप किंवा वरच्या पट्टीतली तान अशा ठिकाणी करकरली, की क्लिपिंग झालं समजा. इथे मीटरवर विसंबून राहू नका. कापलेली लाट नंतर कमी आवाजात ठेवली तर मीटर सुरक्षित आकडा दाखवतो, पण माथा सपाटच राहतो. लाटेचं चित्र मोठं करून पाहिलं की तो डोळ्यांना दिसतो.

आता तुलना. आपला ट्रॅक चांगल्या प्रकाशित गाण्याशेजारी ठेवून ऐकणं ही उत्तम सवय, पण आधी दोन्हींचा आवाज सारखा करा. १९३३ मध्ये बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मनसन यांनी मोजून दाखवलं, की कान सगळ्या कंप्रता सारख्या ऐकत नाही. मधला भाग त्याला चटकन जाणवतो, खर्ज मात्र हळू आवाजात जवळपास नाहीसा होतो. म्हणून तोच ट्रॅक जरा मोठ्याने लावला तरी अधिक भरदार वाटतो. एखाद-दोन डेसिबलचा फरकही निकाल फिरवतो, आणि ऐकणाऱ्याला ‘हा मोठा आहे’ असं वाटतच नाही, ‘हा चांगला आहे’ असं वाटतं. जाणवणाऱ्या आवाजाचं मोजमाप करायला २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक आलं. ते मोजमाप आज बहुधा एलयूएफएस या एककात सांगतात; डिजिटल छपराच्या खाली मोजायचं म्हणून आकडा उणे असतो. अनेक स्ट्रीमिंग सेवा गाणी उणे १४ एलयूएफएसच्या आसपास आणून ठेवतात. ट्रॅक ‘दणदणीत’ करायला त्यातले चढउतार दाबून टाकले असतील, तर तिथे आवाज खाली येतो आणि दाबलेपण तेवढं उरतं.

स्टिरिओ ट्रॅक एकदा मोनो करूनही, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र मिसळूनही, ऐका. एकाच गिटारवर दोन माईक लावले असतील आणि त्यांच्या लाटा उलटसुलट पडल्या असतील, तर मोनोत गिटार पोकळ होते.

पण माझ्या मते घरच्या रेकॉर्डिंगचा खरा निकाल खोली लावते, माईक त्याच्या बराच नंतर. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. गायकाचा आवाज माईकपर्यंत थेट पोचतो, आणि समोरच्या टेबलावर आपटून पुन्हा एकदा पोचतो. हा दुसरा रस्ता फक्त ३४ सेंटीमीटरने लांब असला, तर तो आवाज एक मिलिसेकंद उशिरा येतो. मग ५००, १५००, २५०० हर्ट्झ अशा ठिकाणी दोन लाटा एकमेकींना खातात. डब्यात तोंड घालून गायल्यासारखा आवाज येतो तो यामुळे. गायक जरा हलला की हे खड्डे जागा बदलतात, म्हणून इक्वलायझरने, म्हणजे ठरावीक कंप्रता कमी-जास्त करणाऱ्या साधनाने, ते भरून निघत नाहीत. भिंतीवर पातळ फोम चिकटवल्याने वरचे स्वर मंदावतात, पण १०० हर्ट्झच्या लाटेची लांबीच ३.४ मीटर असते. दोन बोटं जाडीचा फोम तिला काय अडवणार? मग वरून कोंदट आणि खालून घुमणारा असा विचित्र मेळ ट्रॅकमध्ये ऐकू येतो. खर्जातले काही स्वर फुगतात, शेजारचेच गायब होतात.

‘पण गाताना तर खोली घुमत नव्हती’ ही तक्रार मी नेहमी ऐकतो, आणि ती अगदी प्रामाणिक असते. दोन कानांवर आवाज किंचित वेगवेगळा पोचतो; त्या फरकावरून मेंदू थेट आलेला आवाज उचलतो आणि भिंतींवरून परतलेला मागे सारतो. एकट्या माईकला ही सोय नाही, तो जे येईल ते सगळं सारख्याच निष्ठेने टिपतो. पटत नसेल तर त्याच खोलीत कोणाला तरी थोडं दूर उभं राहून गायला सांगा आणि तुमचा एक कान बोटाने घट्ट बंद करा. खोली घुमायला लागते.