गायतोंडेंची शाई आणि ठाण्यातले पोटमाळे

चित्रांच्या लिलावाची बातमी आली की ठळक अक्षरांत छापला जातो तो कॅनव्हासचा आकडा. डिसेंबर २०१३मध्ये ख्रिस्टीज या लिलावगृहाने मुंबईत पहिला लिलाव भरवला आणि अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचं तैलचित्र २३.७ कोटी रुपयांना गेलं. त्याच गायतोंडेंची कागदावरची शाईची चित्रंही लिलावात येतात. ती पाहून हमखास प्रश्न येतो, एवढ्याशा कागदाचे एवढे पैसे कशाचे?

कागद गायतोंडेंना नवा नव्हता. १९४८मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून पदविका घेतली त्या सुमारास ते जुन्या पोथ्यांतली लघुचित्रं अभ्यासत होते, जलरंगात काम करत होते. कॅनव्हासवर रोलर आणि सुरी चालवून रंगांचे थर उभे करणारे गायतोंडे नंतरचे. १९८४मध्ये अपघात झाला आणि मोठ्या कॅनव्हाससमोर उभं राहणं जमेनासं झालं. मग त्यांनी छोटे कागद घेतले, काळी शाई घेतली. लिपीसारख्या दिसणाऱ्या पण वाचता न येणाऱ्या खुणा, आणि भोवती मोकळा सोडलेला कागद. तेलरंगात थर खरवडून पुन्हा देता येतो, शाईत ती सोय नाही. या चित्रांना कच्चं काम म्हणणं मला तरी पटत नाही. हात इतका नेमका व्हायला आधीची चाळीस वर्षं खर्ची पडली आहेत.

खरं तर कॅनव्हास मोठा आणि कागद धाकटा ही उतरंड आपली नाहीच. आपल्याकडे शतकानुशतकं लघुचित्र कागदावरच सुरू व्हायचं आणि कागदावरच पुरं व्हायचं. तैलरंगांचा मान वाढला तो इंग्रजी अमदानीत, कलाशाळांबरोबर.

मराठी घरात तर चित्र पोचलं तेच कागदावरून. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठं आपण छापील पाहिली, पण त्यांच्यामागे हाताने रंगवलेला मूळ कागद होता. तो ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, करायला जायचा. अशा मूळ चित्रांच्या समासात कधी पेन्सिलीने लिहिलेली मापं दिसतात. छपाई झाली की त्या कागदाची किंमत संपली, असंच बहुतेकांना वाटे.

गिरगाव-दादरची कितीतरी कुटुंबं पुढे ठाण्यात आली, नौपाड्यात, पाचपाखाडीत स्थिरावली. सामानाबरोबर चित्रकार काकांनी दिलेलं एखादं रेखाटनही आलं आणि पोटमाळ्यावर गेलं. आता जुन्या इमारती पुनर्विकासाला जाताहेत, माळे रिकामे होताहेत, म्हणून हे आत्ताच सांगायला हवं. खाडीकाठची दमट हवा कागदाला मानवत नाही. जुनी फ्रेम उघडली की मागे हार्डबोर्ड, कडेला खाकी चिकटपट्टी. माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या, कडेने कागदावर उमटलेली पिवळी रेघ आणि मध्येच तपकिरी ठिपके. लिलावगृहाचा माणूस सहीइतकंच हेही निरखतो, कारण त्यावर अंदाजित किंमत खालीवर होते. ठिपके घरी पुसायला जाऊ नये, कागद-संवर्धकाकडेच न्यावं. फ्रेम बदलताना आम्लरहित माउंट मागून घ्यावं, काच कागदाला टेकू देऊ नये. आणि फ्रेमची जुनी पाठ फेकू नये. तिच्यावर गॅलरीची चिठ्ठी किंवा प्रदर्शनाचा क्रमांक असेल, तर चित्र कुठून कुठे गेलं याचा तोच पहिला पुरावा असतो.