एच-१बी व्हिसा

एच-१बी व्हिसा : ज्या कामाला एखाद्या विशिष्ट विषयातली किमान पदवी लागते, अशा कामावर परदेशी माणसाला ठरावीक मुदतीपुरते ठेवून घेण्यासाठी अमेरिकेत असलेला व्हिसा. बोलताना याला ‘एच वन’ म्हणतात. ‘मला एच वन मिळाला’ असे सगळेच सांगतात; कायद्याने पाहिले तर तो नोकरीला मिळालेला असतो. अर्ज कंपनी करते, मंजुरीचा कागद कंपनीच्या नावे येतो आणि नोकरी सुटली की माणसाचा तिथे राहण्याचा आधारही सुटतो. या व्हिसाभोवतीची बरीचशी धावपळ आणि बऱ्याचशा तक्रारी यातूनच निघतात.

या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी दडल्या आहेत. पहिली ‘पिटिशन’, म्हणजे कंपनीने अमेरिकेच्या नागरिकत्व व स्थलांतर सेवा खात्याकडे केलेला अर्ज; तो मंजूर झाला की आय-७९७ नावाची सूचना येते. दुसरी गोष्ट पासपोर्टवर चिकटवला जाणारा खुद्द व्हिसा, ज्याला आपल्याकडे ‘स्टॅम्पिंग’ म्हणतात. तो वकिलातीतला अधिकारी देतो आणि त्याचा उपयोग अमेरिकेच्या दारापर्यंत पोचण्यापुरता. तिसरी ‘स्टेटस’ : दारावरचा अधिकारी आत घेताना आय-९४ नोंदीत जी तारीख घालतो, तिथवर राहण्याचा हक्क. पासपोर्टवरचा शिक्का संपला तरी स्टेटस चालू असू शकते. उलट शिक्क्याची दोन वर्षे बाकी असतानाही नोकरी गेली की स्टेटस जाते. हा फरक बहुतेकांना पहिल्यांदा सुट्टीवर घरी यायची वेळ आली की कळतो.

१९५२ च्या अमेरिकी स्थलांतर कायद्यात ‘एच-१’ हा वर्ग होता, पण तो असामान्य गुणवत्तेच्या लोकांसाठी. आजचे रूप १९९० च्या कायद्याने आले. त्यावर राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी २९ नोव्हेंबर १९९० रोजी सही केली. या कायद्याने गुणवत्तेऐवजी पदवीचा निकष लावला आणि वर्षाला ६५,००० ची मर्यादा घातली. शिवाय, तात्पुरते आलो आहे असे म्हणतानाच कायमचे राहण्याचा अर्ज करायची मुभाही या व्हिसाधारकांना मिळाली. विद्यार्थी किंवा पर्यटक व्हिसावर असा मनसुबा उघड केला तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. इथे तो चालतो. अभियंते, प्राध्यापक, डॉक्टर, वास्तुविशारद यांच्या पंगतीला याच वर्गात फॅशन मॉडेलांनाही पाट मांडलेला आहे आणि त्यांना पदवी लागत नाही.

१९९० च्या दशकाअखेर ‘वाय टू के’ची धांदल उडाली. जुन्या संगणक प्रणालींत वर्षाचे दोनच आकडे साठवलेले होते, ते तपासायला माणसे हवी होती. अमेरिकी काँग्रेसने मर्यादा आधी १,१५,००० आणि मग २००१ ते २००३ या आर्थिक वर्षांसाठी १,९५,००० केली. महाराष्ट्रात त्याच्या बरेच आधी, १९८३ मध्ये, वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली होती. त्या महाविद्यालयांतून बाहेर पडलेली मुले नेमकी या दाराशी पोचली. २००४ पासून मर्यादा पुन्हा ६५,००० वर आली. त्यातलेही ६,८०० चिली आणि सिंगापूरसाठी बाजूला काढलेले असतात. अमेरिकेतच पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी २०,००० चा वेगळा वाटा आहे. विद्यापीठे, त्यांच्याशी जोडलेल्या ना-नफा संस्था आणि सरकारी संशोधन संस्था या मर्यादेबाहेर राहतात.

आपल्याकडच्या तीन वर्षांच्या बी.एस्सी. किंवा बी.कॉम.ची इथे अडचण होते. अमेरिकी पदवी चार वर्षांची. त्यामुळे उरलेले वर्ष अनुभवाने भरून काढावे लागते आणि हिशेब असा की तीन वर्षांचा अनुभव म्हणजे एक वर्षाचे शिक्षण. नावाचीही एक खास मराठी कटकट आहे. पासपोर्टवर आडनाव वेगळे, पण स्वतःचे नाव आणि वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव दोन्ही एकाच रकान्यात बसते. मग गुणपत्रिकेवर ‘आडनाव-नाव-वडील’, पासपोर्टवर ‘नाव-वडील-आडनाव’ आणि कंपनीच्या कागदात वडील गायबच. लग्नानंतर नाव बदललेले असेल तर कागदांची थप्पी आणखी वाढते.

प्रत्यक्ष प्रक्रियेची पहिली पायरी अमेरिकेच्या कामगार खात्यात. कंपनीने लिहून द्यायचे की या माणसाला त्या भागातला प्रचलित पगार किंवा आम्ही इतरांना देतो तो पगार, यांत जो जास्त असेल तो देऊ; त्याच्या येण्याने इतरांच्या कामाच्या अटी बिघडणार नाहीत; आणि तिथे संप वा टाळेबंदी चालू नाही. खाते हे कागद सात कामकाजी दिवसांत परत करते. त्यात उघड चूक आहे का, एवढेच पाहते. याची नोटीस कामाच्या जागी दोन ठळक ठिकाणी लावावी लागते, बहुधा पाण्याच्या कूलरपाशी किंवा जेवणघरातल्या मायक्रोवेव्हशेजारी. नोटिशीवर नाव नसते, पण पद आणि पगार असतो. दहा जणांच्या कचेरीत तो कोणाचा हे ओळखायला फार डोके लागत नाही. (हीच माहिती कामगार खाते पुढे खुली करते. लग्नाच्या वाटाघाटींत ‘मुलाचा पगार बघून घेतला’ असे कोणी म्हणाले तर तो तिथूनच बघितलेला असण्याची शक्यता बरीच.) त्यानंतर स्थलांतर सेवा खात्याकडे आय-१२९ हा मुख्य अर्ज, म्हणजेच पिटिशन. खात्याला शंका आली तर ते जादा पुरावे मागते, हा ‘आर.एफ.ई.’ आला म्हणजे काम अडले असे समजतात. जादा शुल्क भरले की १५ कामकाजी दिवसांत उत्तर मिळते.

अर्ज करता येईल की नाही हेच आधी चिठ्ठीने ठरते. अमेरिकेचे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते आणि अर्ज त्याच्या फार तर सहा महिने आधी करता येतो, म्हणून १ एप्रिलला इतके महत्त्व. पूर्वी पहिल्याच दिवसांत कागदांची खोकी येऊन पडत आणि त्यांतून सोडत काढत. २०२० पासून मार्चमध्ये ऑनलाइन नोंदणी होते. तिचे शुल्क फक्त १० डॉलर ठेवल्यामुळे एकाच उमेदवाराच्या नावाने चार-चार कंपन्या नोंदणी करू लागल्या. मार्च २०२३ च्या फेरीत ७,५८,९९४ पात्र नोंदी आल्या आणि त्यांतल्या ४,०८,८९१ नोंदी एकाहून अधिक वेळा नाव घातलेल्यांच्या होत्या. पुढच्या वर्षीपासून सोडत पासपोर्ट क्रमांकावर, म्हणजे माणसामागे एकच चिठ्ठी अशी केली. नोंदी ४,७०,३४२ वर आल्या; शुल्क २१५ डॉलर झाल्यावर मार्च २०२५ मध्ये ३,४३,९८१. फेब्रुवारी २०२६ पासून लागू झालेल्या नियमाने यातही बदल झाला : कामगार खात्याने पाडलेल्या चार पातळ्यांपैकी पगार चौथ्या, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीचा असेल तर नावाच्या चार चिठ्ठ्या, पहिल्या पातळीचा असेल तर एक. नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्यांचे त्यात कठीण आहे.

चिठ्ठी लागून पिटिशन मंजूर झाली की भारतात असलेल्याने वकिलातीत जायचे. मुंबईत २०११ पर्यंत ही रांग ब्रीच कँडीला लिंकन हाउसच्या, म्हणजे जुन्या वांकानेर पॅलेसच्या, फुटपाथवर लागत असे. तेव्हापासून ती वांद्रे-कुर्ला संकुलात लागते. मुलाखतीआधी वेगळ्या केंद्रात बोटांचे ठसे आणि चष्मा काढून फोटो. मुलाखत उभ्यानेच, काचेच्या खिडकीपलीकडून, चार-पाच मिनिटांची : कंपनी कोणती, काम काय, कोणत्या शहरात, पगार किती. आठवडाभर पाठ केलेल्या उत्तरांपैकी निम्मी विचारलीच जात नाहीत. अधिकाऱ्याने पासपोर्ट ठेवून घेतला तर काम झाले. २२१-जी कलमाची चिठ्ठी हातात दिली तर कागद अपुरे आहेत किंवा चौकशी बाकी आहे, आणि ती दोन आठवड्यांत संपेल की सहा महिन्यांत हे कोणी सांगत नाही. हैदराबादजवळच्या चिलकूरच्या बालाजीला ‘व्हिसा बालाजी’ हे नाव अशाच वेळी पडले : मागणे मागताना ११ प्रदक्षिणा आणि पूर्ण झाल्यावर १०८.

व्हिसा तीन वर्षांचा, वाढवून सहा. दुसरी कंपनी आपली पिटिशन दाखल करील त्या दिवसापासून तिथे काम सुरू करता येते. यालाच ‘ट्रान्सफर’ म्हणतात. नोकरी गेली तर ६० दिवस, किंवा आय-९४ ची तारीख आधी येत असेल तर तोवर. तेवढ्यात नवी कंपनी शोधायची, दुसरे स्टेटस मागायचे किंवा भाड्याचे घर, गाडी आणि मुलांची शाळा आवरून परतायचे. प्रकल्प नाही म्हणून माणूस ‘बेंच’वर असला तरी पगार द्यावाच लागतो असे १९९८ चा कायदा सांगतो.

दरवर्षीच्या मंजुऱ्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक भारतात जन्मलेल्यांच्या असतात, त्यामुळे अमेरिकेतला या व्हिसावरचा वादही बहुतांशी भारतीयांभोवती फिरतो. टीकाकारांचे म्हणणे, पगाराची पहिली आणि दुसरी पातळी स्थानिक मध्यम पगाराच्या खाली धरलेली आहे. ते खरे आहे. त्या पातळ्या अनुक्रमे १७ व्या आणि ३४ व्या शतमकावर, म्हणजे शंभर पगार चढत्या क्रमाने मांडले तर १७ व्या आणि ३४ व्या जागी, बेतलेल्या आहेत. परदेशी कर्मचाऱ्यांवर फार विसंबणाऱ्या कंपन्यांना जादा अटींतून सूट मिळण्यासाठी वर्षाला ६०,००० डॉलर पगाराची जी अट आहे, ती १९९८ पासून बदललेली नाही. कंपन्यांचे म्हणणे, माणसे मिळत नाहीत. दोन्ही बाजू आकड्यांवर भांडतात. पण ज्याला राजीनामा देताना देश सोडण्याचाही विचार करावा लागतो, तो पगारवाढ मागताना आवाज चढवत नाही, हे आकड्यांत दिसत नाही.

१९ सप्टेंबर २०२५ च्या शुक्रवारी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी नव्या पिटिशनवर १,००,००० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ८८ लाख रुपये, भरण्याचा फतवा १२ महिन्यांसाठी काढला. अंमल रविवारी मध्यरात्रीपासून. हे जुन्यांनाही लागू आहे का, याचा खुलासा शनिवारपर्यंत नव्हता. मोठ्या कंपन्यांनी परदेशी गेलेल्यांना ताबडतोब परत यायला सांगितले, आणि सुट्टीवर आलेली माणसे मिळेल त्या विमानाने निघाली. खुलासा आला तो असा की हे फक्त नव्या पिटिशनना; ऑक्टोबरमध्ये हेही स्पष्ट झाले की अमेरिकेतच राहून स्टेटस बदलणाऱ्यांना ते लागू नाही. डिसेंबरात अर्जदारांची समाजमाध्यमे तपासायचे ठरल्यावर भारतातल्या ठरलेल्या मुलाखती एकदम कित्येक महिने पुढे ढकलल्या गेल्या. अमेरिकेत राहून शिक्का मारून घेण्याची सोय २००४ पासून बंद आहे. २०२४ च्या आरंभी २०,००० जणांपुरता एक प्रयोग झाला, तेवढाच. त्यामुळे लग्नाला किंवा बाराव्या-तेराव्याला आलेल्यांची नोकरी एकीकडे आणि पासपोर्ट दुसरीकडे अशी अवस्था झाली.

सहा वर्षांनंतर काय, याचे उत्तर ग्रीन कार्ड. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डे वर्षाला सुमारे १,४०,००० आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यांतली साधारण ७ टक्के. २०२५ संपताना दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीतल्या, २०१३ मध्ये रांगेत नाव लागलेल्या भारतीयांचा नंबर येत होता. या रांगेत कंपनीने नाव लावून आय-१४० या अर्जाची मंजुरी मिळवली की एच-१बी सहा वर्षांपुढेही तीन-तीन वर्षांनी वाढत राहतो. नवरा किंवा बायको एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर. मे २०१५ पासून त्यांतल्या काहींना, म्हणजे जोडीदाराला ती मंजुरी मिळालेली असेल त्यांना, काम करता येते. मुलेही एच-४ वर असतात, पण २१ व्या वर्षापर्यंतच. दोन वर्षांचे असताना गेलेले, तिथल्याच बालवाडीत शिकलेले, रविवारच्या मराठी शाळेत बाराखडी गिरवलेले मूल त्या वाढदिवसानंतर आईबापांच्या अर्जातून बाहेर पडते, स्वतःचा विद्यार्थी व्हिसा घेते आणि शिक्षण संपल्यावर मार्च महिन्यात त्याच सोडतीत आपले नाव घालते.