ताई ची आणि तरुणांचे हृदय

ताई ची (पूर्ण नाव ताई ची छुआन) हा संथ आणि सलग हालचालींचा चिनी व्यायामप्रकार आहे. मुळात ही युद्धकला. सतराव्या शतकात हनान प्रांतातल्या चेन घराण्यात ती आकाराला आली आणि पुढे तिच्यातून यांग, वू, सुन अशा शैली निघाल्या. १९५६ मध्ये चीनच्या शासकीय क्रीडा विभागाने यांग शैलीवरून २४ हालचालींचा सुटसुटीत संच बसवला. पाच-सहा मिनिटांत पुरा होणारा हा संच आरोग्यविषयक अभ्यासांतही बराच वापरला जातो. या नोंदीत साधारण १८ ते ४० वयोगटातल्या व्यक्तींच्या हृदयावर ताई चीचा काय परिणाम होतो, एवढाच भाग पाहिला आहे.

हृदयविकार उतारवयात दिसत असला, तरी त्याची पायाभरणी फार आधी होते. कोरियन युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. या सैनिकांचे सरासरी वय होते २२, आणि त्यांच्यापैकी सुमारे ७७ टक्क्यांच्या हृदयाच्या रोहिण्यांमध्ये विकाराच्या खुणा आढळल्या. रक्तदाबाचेही तसेच आहे. विशीत-तिशीत तो थोडासा चढा असला, तर त्रास काहीच जाणवत नाही आणि म्हणून कोणी मोजायलाही जात नाही.

व्यायामाचा भार ‘मेट’ या एककात मोजतात. स्वस्थ बसलेल्या माणसाचा ऊर्जाखर्च म्हणजे १ मेट. ताई ची साधारण ३ मेटच्या आसपास, म्हणजे मध्यम श्रमाच्या अगदी उंबरठ्यावर येते. पण हा आकडा फसवा आहे. गुडघे किंचित वाकवून केलेली ताई ची आणि मांड्या जमिनीला जवळजवळ समांतर नेऊन केलेली ताई ची यांचे नाव एकच असले, तरी श्रमात मोठा फरक पडतो. खालच्या पवित्र्यात मांडीचे स्नायू सतत ताणाखाली राहतात आणि नाडी बरीच वाढते. वृद्धांना हा पवित्रा सहसा झेपत नाही, तरुणांना झेपतो. त्यामुळे वृद्धांवरच्या अभ्यासांचे निष्कर्ष जसेच्या तसे तरुणांना लावणे बरोबर नाही.

तरीही दमसास वाढवण्याचे साधन म्हणून ताई चीकडे पाहिले, तर निराशाच पदरी पडेल. धडधाकट तरुणाची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता वाढायची, तर हृदयाला त्याच्या सवयीपेक्षा जास्त काम पडावे लागते. धावणे, पोहणे, चढ चढणे यांतून ते सहज पडते. हृदय अशक्त झालेल्या १०० रुग्णांवरच्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीतही बारा आठवड्यांच्या ताई चीने ही क्षमता वाढली नव्हती. रुग्णांचे रोजचे जगणे मात्र अधिक सुसह्य झाले होते.

ताई चीचे खरे वैशिष्ट्य श्वासात आहे. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद पडतात, सोडताना मंदावतात. हा चढउतार मुख्यतः व्हेगस या मज्जातंतूच्या ताब्यात असतो आणि निरोगी तरुणांत तो ठळक दिसतो. एरवी माणूस मिनिटाला १२ ते १८ श्वास घेतो. ताई चीत हालचालींच्या लयीबरोबर श्वास लांबतो. तो मिनिटाला सहाच्या आसपास आला, की एक श्वास सुमारे दहा सेकंदांचा होतो. रक्तदाबातही साधारण दहा सेकंदांची एक नैसर्गिक लाट असते. या दोन लयी जुळल्या, की मानेतल्या व महारोहिणीतल्या दाबसंवेदकांचा प्रतिसाद अधिक तल्लख होतो. दाब चढताच ते मेंदूला कळवतात, ठोके मंदावतात आणि रक्तवाहिन्या सैलावतात.

येथे एक खबरदारी घ्यावी लागते. ताई ची चालू असताना ठोक्यांमधला चढउतार वाढलेला दिसणे हा पुष्कळसा मंद श्वासाचाच तात्कालिक परिणाम असतो; खुर्चीत बसून तसाच श्वास घेतला तरी तो दिसेल. हृदयावरचे नियंत्रण खरोखर सुधारले का, हे सरावाबाहेर, विश्रांतीच्या वेळी मोजल्यावरच ठरते. हा भेद न करताच केलेले दावे पुष्कळ आढळतात.

रक्तदाबाबाबत सर्वांत लक्षणीय पुरावा बीजिंगमधल्या चाचणीचा आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत रक्तदाब वाढण्याच्या सीमेवर असलेले, १८ ते ६५ वयाचे ३४२ जण होते. निम्म्यांनी ताई ची केली, उरलेल्यांनी जलद चालणे, जिने चढणे, सायकल यांसारखा व्यायाम. दोन्ही गटांत आठवड्याला चार वेळा एकेक तासाचा सराव होता. वर्षअखेरीस वरचा रक्तदाब ताई ची गटात सरासरी ७ एककांनी उतरला, दुसऱ्या गटात ४.६ एककांनी. फरक छोटा आहे, आणि ही चाचणी फक्त तरुणांची नव्हती.

निव्वळ तरुणांवरचे प्रयोग बहुतेक विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांवर, काही आठवड्यांपुरते झालेले आहेत. तोल आणि लवचीकता यांत फायदा मिळणे तुलनेने सोपे असते. हृदयाच्या मोजमापांत तो पकडणे अवघड जाते. कारण साधे आहे: ज्याचा रक्तदाब मुळातच ११०/७० आहे, त्याचा आणखी उतरवायचा तरी किती? शिवाय आपण ताई ची करतो आहोत हे करणाऱ्यापासून लपवता येत नाही, त्यामुळे अपेक्षेचा परिणाम वेगळा काढता येत नाही. म्हणून बैठे काम करणारे, सीमेवरचा रक्तदाब असलेले आणि सतत तणावाखाली राहणारे तरुण निवडून अभ्यास केले, तर चित्र अधिक स्पष्ट होईल.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवला आहे. खालच्या पवित्र्यातली ताई ची त्या हिशेबात धरता येते. उभ्या-उभ्या केलेली धरणे जरा सैलच होईल. धावणाऱ्या किंवा पोहणाऱ्या तरुणाने ती मधल्या हलक्या दिवशी करावी, हे अधिक सयुक्तिक. वळताना पाऊल न फिरवता नुसता गुडघा पिळला तर तो दुखावतो. नवशिक्यांची ही नेहमीची चूक. श्रम करताना छातीत दुखणे, भोवळ येऊन पडणे किंवा घरात कमी वयात अचानक मृत्यू झालेला असणे, यांपैकी काहीही असेल तर आधी हृदयाची तपासणी करावी लागते, कारण तरुणांत अशा लक्षणांमागे हृदयाच्या स्नायूचा आनुवंशिक विकार असू शकतो.