बाजार निर्देशांक (शेअर व सरकारी रोखे)

निवडक शेअरांचे किंवा सरकारी रोख्यांचे एकत्रित मूल्य ठरलेल्या पायाभूत दिवसाच्या तुलनेत किती झाले, हे दाखवणारा आकडा म्हणजे बाजार निर्देशांक. मुंबई शेअर बाजाराच्या (बीएसई) सेन्सेक्समध्ये ३० कंपन्या असून पाया १९७८-७९ = १०० आहे. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या (एनएसई) निफ्टी ५० चा पाया ३ नोव्हेंबर १९९५ = १००० आहे. सेन्सेक्सचा आकडा निफ्टीच्या तिपटीपुढे दिसतो तो मुख्यतः पाया वेगळा असल्याने. ‘आज सेन्सेक्स ५०० अंशांनी पडला’ या वाक्याला टक्केवारीशिवाय अर्थ नाही.

कंपनीचे वजन तिच्या एकूण बाजारमूल्यावर नव्हे, तर प्रत्यक्ष खरेदी-विक्रीस मोकळ्या शेअरांच्या मूल्यावर ठरते. १९०८ साली बडोद्यात स्थापन झालेल्या बँक ऑफ बडोदाचे सुमारे ६४ टक्के शेअर केंद्र सरकारकडे आहेत. ते बाजारात फिरत नाहीत, म्हणून वजनासाठी उरलेले ३६ टक्केच धरतात. सेन्सेक्सने ही पद्धत २००३ मध्ये, निफ्टीने २००९ मध्ये स्वीकारली. निर्देशांक २५,००० वर असताना १ टक्का वजनाचा शेअर १० टक्के चढला, तर बाकी सारे स्थिर धरून निर्देशांक २५ अंशांनी वाढतो. कंपनी बदलली किंवा नवे शेअर आले की भाजक (एकूण मूल्याला ज्या संख्येने भागून निर्देशांक काढतात ती) दुरुस्त करतात, नाहीतर आकड्यात खोटी उडी दिसेल. लाभांशासाठी मात्र अशी दुरुस्ती नसते. लाभांश वजा झाल्याच्या दिवशी भाव उतरतो आणि त्यासोबत निर्देशांकही. तो लाभांश पुन्हा गुंतवला असे धरून काढलेला एकूण परतावा निर्देशांक (टीआरआय) वेगळा असतो. फेब्रुवारी २०१८ पासून म्युच्युअल फंडांना आपली कामगिरी त्याच्याशीच ताडून दाखवावी लागते.

रोख्यांकडे वळले की बहुतेकांची गल्लत होते. बातम्यांत ‘दहा वर्षांचा रोखा ७ टक्क्यांवर’ असे येते, तो भाव नसून यील्ड (आजच्या भावाला रोखा घेऊन मुदतीपर्यंत ठेवल्यास मिळणारा वार्षिक परतावा) असते, आणि दोन्ही उलट दिशेने चालतात. दर्शनी किंमत १००, व्याज ७ टक्के (सहामाही हप्त्यांनी), मुदत १० वर्षे, असा रोखा घ्या. बाजारातील यील्ड ७.५ टक्के झाले तर त्याचा भाव सुमारे ९६.५० होतो, ६.५ टक्के झाले तर सुमारे १०३.६०. यील्ड चढले ही बातमी आधीच रोखे बाळगणाऱ्याला तोट्याची, तर नव्याने घेणाऱ्याला सोयीची. मुदत जितकी लांब, तितका हा झोका मोठा.

रोखे निर्देशांकही दोन प्रकारचे: व्याज न धरता फक्त भाव मोजणारा आणि व्याजासह एकूण परताव्याचा. रोख्यात कमाईचा मोठा वाटा व्याजाचाच, त्यामुळे पहिल्या प्रकारचा आलेख वर्षानुवर्षे जागच्या जागी वाटतो. ‘शेअरने दिले, रोख्याने काहीच नाही’ हा निष्कर्ष बरेचदा चुकीचे दोन आलेख शेजारी ठेवल्याने निघतो. टीआरआयसमोर टीआरआयच ठेवावा. बडोद्यातील निवृत्तांच्या घरांत एफडीच्या दराशी निफ्टीची तुलना सर्रास होते. तिथेही एफडीचे व्याज धरलेले आणि शेअरचा लाभांश सोडलेला असतो.

दुसरी अडचण संदर्भ रोख्याची, म्हणजे ज्याचे यील्ड बातम्यांत येते त्या रोख्याची. सरकार रिझर्व्ह बँकेमार्फत नवा दहा वर्षांचा रोखा काढते आणि काही काळाने बाजार त्यालाच मानक धरतो. त्या दिवशी यील्डच्या आलेखात दिसणारी पायरी ही व्याजदरातील बदल नसून रोख्यातील बदल असू शकते.

परकीय निर्देशांकांचाही परिणाम होतो. जेपी मॉर्गनच्या उदयोन्मुख देशांच्या रोखे निर्देशांकात २८ जून २०२४ पासून भारताचा समावेश सुरू झाला. वजन दरमहा १ टक्क्याने वाढवत १० टक्क्यांपर्यंत नेण्याचे ठरले होते. त्या निर्देशांकामागे चालणाऱ्या फंडांना त्या प्रमाणात भारतीय रोखे घ्यावेच लागतात, मग त्यांना भाव पटो वा न पटो.

निर्देशांक थेट विकत घेता येत नाही. त्यासाठी निर्देशांकाच्याच प्रमाणात शेअर वा रोखे घेणारा इंडेक्स फंड किंवा ईटीएफ (शेअर बाजारात खरेदी-विक्री होणारा तसाच फंड) लागतो. सुटे सरकारी रोखे मात्र रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून किमान १०,००० रुपयांपासून घेता येतात. बडोद्याचा स्वतःचा शेअर बाजारही होता. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या २०१२ च्या धोरणाने प्रादेशिक बाजारांना वर्षाला १,००० कोटी रुपयांच्या उलाढालीची अट घातली, आणि त्यानंतर इतर प्रादेशिक बाजारांसोबत तोही बंद झाला.